रिकामा कप्पाही मोजायचा असतो: डेटा कार्डाच्या काउंटरवर फोटॉनची गणना

हिरव्या लेसरचा एक पिकोवॉट प्रकाश घेतला, तर त्यात सेकंदाला साधारण २७ लाख फोटॉन असतात. पिकोवॉट म्हणजे वॉटचा एक लाख कोटीवा भाग. आकडा नगण्य वाटतो, पण एकेका रेणूची चमक बघणाऱ्या माणसाला एवढा उजेड म्हणजे चैन आहे. त्याची गाठ याच्या शंभरपट, कधी हजारपट मंद प्रकाशाशी पडते. तिथे प्रकाश वाहत नाही, टपटपतो. नळाची धार असेल तर किती पाणी आलं ते मोजावं. थेंब पडत असतील तर थेंबच मोजावेत. फोटॉन काउंटिंग म्हणजे हे थेंब मोजणं.

यासाठी खास यंत्रं मिळतात आणि ती उत्तम असतात. पण बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये संगणकाला एक डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड आधीच जोडलेलं असतं. ते घेतलेलं असतं व्होल्टेज वाचायला, आणि त्याच्या एका कोपऱ्यात दोन किंवा चार काउंटर रिकामे बसून असतात. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या एम मालिकेतल्या कार्डांवर ३२ बिटांचे दोन काउंटर आणि ८० मेगाहर्ट्‌झचं घड्याळ असतं. नंतरच्या एक्स मालिकेत चार काउंटर आणि १०० मेगाहर्ट्‌झचं घड्याळ. पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक झटका, आला की आकडा एकने वाढवायचा, एवढंच काउंटरचं काम. मग फोटॉन का मोजू नयेत? मोजता येतात, आणि चांगले मोजता येतात. फक्त अडचण असते ती आपण समजतो तिथे नसते. मोजणं सोपं आहे. मोजलेलं नेमकं कधी वाचायचं, इथे सगळी ग्यानबाची मेख आहे.

आधी डिटेक्टरकडून येतं काय ते पाहू. फोटोमल्टिप्लायर नळीत एक फोटॉन एक इलेक्ट्रॉन सुटा करतो आणि पुढच्या पायऱ्यांवर त्याचे दहा लाख ते एक कोटी इलेक्ट्रॉन होतात. ऐकायला प्रचंड, पण दहा लाख इलेक्ट्रॉन पाच नॅनोसेकंदांत ५० ओहमच्या रोधातून गेले तर व्होल्टेज भरतं जेमतेम दीड मिलिव्होल्ट. कार्डाच्या डिजिटल इनपुटला ०.८ व्होल्टच्या खालचं ‘नाही’ आणि २.२ व्होल्टच्या वरचं ‘हो’ एवढंच कळतं. म्हणून नळी आणि कार्ड यांच्यामध्ये एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक डिस्क्रिमिनेटर लागतो. डिस्क्रिमिनेटर बारीकसारीक खडखड गाळतो आणि खऱ्या पल्ससाठी ठरावीक उंचीचा स्वच्छ पल्स देतो. सिलिकॉनचे एक-फोटॉन अ‍ॅव्हलांश मॉड्यूल हे सगळं पोटातच करतात. त्यांच्या मागच्या कनेक्टरमधून थेट टीटीएल पल्स, म्हणजे डिजिटल इनपुटला जसाच्या तसा समजणारा पल्स, बाहेर पडतो. नवख्या माणसाने सुरुवात यांच्यापासूनच करावी.

पण हा पल्स अरुंद असतो. मॉड्यूलप्रमाणे दहा नॅनोसेकंदांपासून तीस-पस्तीस नॅनोसेकंदांपर्यंत. एम मालिकेचा काउंटर बाहेरून आलेले पल्स २० मेगाहर्ट्‌झपर्यंत मोजतो, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो, कारण आपले फोटॉन सेकंदाला पाच लाखांच्या वर जाणारच नसतात. या वाक्यातली अट डोळ्यांआड होते. २० मेगाहर्ट्‌झ म्हणजे ५० नॅनोसेकंदांचं एक आवर्तन, त्यातले अर्धे वर आणि अर्धे खाली. म्हणजे कार्डाला सवय आहे ती २५ नॅनोसेकंद टिकणाऱ्या पल्सची. सेकंदाला एकच फोटॉन आला आणि त्याचा पल्स दहा नॅनोसेकंदांचा असला, तरी तो निसटू शकतो. दर कमी असणं वेगळं आणि पल्स रुंद असणं वेगळं. पल्स फारच अरुंद असेल तर मध्ये एक मोनोस्टेबल चिप टाकून तो रुंद करून घ्यावा. त्याची किंमत मोजावी लागते, कारण रुंद पल्स चालू असताना आलेला दुसरा फोटॉन त्यातच विरघळतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे डिजिटल फिल्टर. कार्डाच्या इनपुटवर बटणांचा थरथराट गाळण्यासाठी फिल्टर लावता येतो. मोटारी आणि स्विच यांच्यासाठी ती सोय वरदान आहे. पण त्याची सर्वांत सौम्य पायरीसुद्धा शंभर नॅनोसेकंदांपेक्षा अरुंद असलेलं सगळं कचरा समजून फेकून देते. आपले फोटॉन तर त्याहून कितीतरी अरुंद. मी एकदा अर्धा दिवस शून्य आकड्याकडे बघत बसलो होतो, आणि आधीच्या कुणीतरी मोटारीसाठी जपून ठेवलेली फिल्टरची सेटिंग तशीच चालू होती. डिटेक्टर बिचारा निर्दोष होता.

केबल बदलली की उजेड वाढला

याहून फसवा प्रकार केबलचा. मी मॉड्यूलपासून कार्डापर्यंत दोन मीटरची केबल ओढली, ती थेट टर्मिनल ब्लॉकच्या स्क्रूला आवळली आणि मोजायला बसलो. आकडे आले, छान आले. मग टेबलावर जागा करायची म्हणून उपकरण हलवलं, लांब केबल जोडली, आणि उजेड जवळजवळ दीडपट झाला. लेसर तोच, नमुना तोच, झाकणं तीच. केबलने प्रकाश वाढत नाही, एवढी अक्कल होती, म्हणून स्कोप, म्हणजे पल्सचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला.

घडत होतं ते असं. अशा केबलमध्ये पल्स मीटरभर अंतर कापायला सुमारे पाच नॅनोसेकंद घेतो. ५० ओहमच्या केबलच्या टोकाला ५० ओहमचा रोध असेल तर पल्स तिथे शांतपणे जिरतो. कार्डाच्या इनपुटचा रोध त्याच्या शेकडोपट मोठा, म्हणून पल्स भिंतीवर आपटल्यासारखा मागे फिरतो, डिटेक्टरपाशी जातो, आणि तिथेही पुरता जिरला नाही तर पुन्हा कार्डाकडे येतो. दोन मीटरच्या केबलमध्ये ही येरझार वीस नॅनोसेकंदांची. तोवर मूळ पल्स संपलेलाच नसतो, त्यामुळे प्रतिध्वनी त्याच्यातच मिसळून जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. केबल लांब झाली की प्रतिध्वनी उशिरा येतो, मूळ पल्सपासून सुटा होतो, आणि त्याची उंची २.२ व्होल्टच्या वर गेली की कार्ड त्याला नवा फोटॉन समजतं.

उपाय सोपा आहे: कार्डाच्या तोंडाशी टी-कनेक्टर लावून ५० ओहमचं टर्मिनेशन द्यायचं. पण डोळे मिटून नको. काही मॉड्यूलच्या आतच ५० ओहम मालिकेत बसवलेले असतात. त्यांना बाहेरून आणखी ५० ओहम जोडले की पल्सची उंची निम्मी होते आणि ५ व्होल्टचे अडीच व्होल्ट उरतात. उंबरठा २.२ व्होल्टचा. म्हणजे दुहेरी मोजणी थांबवायला गेलो आणि अर्धे फोटॉन गमावून बसलो, असं होऊ शकतं. टर्मिनेशन लावल्यावर स्कोपवर पल्सची उंची बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मीटर वाचणं

आता काउंटरच्या आत शिरू. काउंटर हे विजेच्या मीटरसारखं आहे. मीटर दर महिन्याला शून्य होत नाही. आकडा चढत राहतो आणि या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा वजा करून वापर काढतात. काउंटरचंही तेच. दर मिलिसेकंदाला किती फोटॉन आले हे हवं असेल तर दर मिलिसेकंदाला चढता आकडा टिपायचा आणि शेजारच्या नोंदींची वजाबाकी करायची. दोन नोंदींमधल्या या कालावधीला आपण कप्पा म्हणू. हजार कप्पे हवे असतील तर नोंदी हजार नव्हे, एक हजार एक लागतात. पहिली नोंद ही काउंटर सुरू झाल्यापासून पहिल्या ठोक्यापर्यंतची (ठोका म्हणजे नोंद टिपण्याचा इशारा) असते, आणि तो वेळ किती होता ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून तिच्यापासून वजाबाकी सुरू करायची, तिलाच कप्पा मानायचं नाही.

३२ बिटांचा मीटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला दहा लाख फोटॉन येत असतील तर याला सुमारे ७२ मिनिटं लागतात. जुन्या ई मालिकेतल्या २४ बिटांच्या काउंटरला जेमतेम १७ सेकंद. मीटर उलटल्यावर वजाबाकी भलतीच ऋण येते आणि आलेखात खोल दरी दिसते. मागची नोंद ४,२९,४९,६७,२९० आणि ताजी नोंद १२ असेल तर त्या कप्प्यात १८ फोटॉन आले. वजाबाकी बिनचिन्ह ३२-बिटी पूर्णांकांत केली की हे १८ आपोआप मिळतात. आधी दशांशात बदलून मग वजा केली की दरी हजर. पायथन वापरणाऱ्यांनी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत पूर्णांकाचा हा प्रकार शेवटपर्यंत जपावा, एवढंच.

मग नोंद टिपायची कधी? सगळ्यात सोपं वाटतं ते प्रोग्रॅममध्ये चक्र लिहिणं: दहा मिलिसेकंद थांब, काउंटर वाच, पुन्हा थांब. संगणक मात्र त्याच वेळी पन्नास कामं करत असतो आणि त्याचे दहा मिलिसेकंद कधी नऊ असतात, कधी अकरा. सेकंदाला एक लाख फोटॉन धरा. दहा मिलिसेकंदांत हजार येतात. एका मिलिसेकंदाच्या चुकीने हा आकडा शंभरने हलतो. प्रकाशाचा स्वतःचा, निसर्गाने दिलेला चढउतार हजारच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३२ च्या आसपास. म्हणजे आपण मोजतोय ती प्रकाशाची नव्हे, संगणकाच्या आळसाची लय, आणि तीही तिपटीने मोठी. एकेका सेकंदाचे कप्पे घेतले तर गोष्ट बदलते: एक लाखांत तीच शंभरांची चूक, आणि नैसर्गिक चढउतार ३१६. आरसे हलवून प्रकाश जुळवताना स्क्रीनवर एक आकडा बघायचा असेल तर हा साधा मार्ग पुरेसा आहे आणि त्याची लाज बाळगण्याचं कारण नाही. बाकी सगळ्यासाठी ठोके कार्डाने द्यायला हवेत.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना अडकवते. या कार्डांवर व्होल्टेज वाचणाऱ्या भागाला स्वतःचं सॅम्पल क्लॉक असतं, काउंटरला नसतं. काउंटरचे ठोके दुसरीकडून आणावे लागतात: एक तर दुसऱ्या काउंटरला ठरावीक वेगाची पल्समाळ बनवायला लावायची, नाहीतर अ‍ॅनलॉग भागाचं क्लॉक उसनं घ्यायचं. दोन काउंटरच्या कार्डावर एक मोजणारा आणि एक ठोके देणारा असा संसार जमतो. सुरू करण्याचा क्रमही महत्त्वाचा: मोजणारा आधी सज्ज करायचा, ठोके नंतर. उलट केलं तर सुरुवातीचे काही ठोके कुणी ऐकलेलेच नसतात.

स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकात हे उसनं क्लॉक फार कामाला येतं. लेसरचा ठिपका फिरवणाऱ्या आरशांना व्होल्टेज देणारं जे क्लॉक असतं, तेच काउंटरला द्यायचं. मग आरसा एक पायरी सरकला की एक नोंद पडते, आणि कप्पा म्हणजेच पिक्सेल होतो. आरसा हुकमाच्या थोडा मागे रेंगाळतो, त्यामुळे चित्र थोडं एका बाजूला सरकतं. पण ते दरवेळी तेवढंच सरकतं, म्हणून दुरुस्त करता येतं.

कप्पा रिकामा असतो तेव्हा

हे सगळं नीट केलं आणि तरी चित्र फाटलेलं आलं, तेही फक्त काळोख्या भागात, तर समजा की आपण या विषयाच्या खऱ्या गाभ्यापाशी पोचलो.

काउंटरचा आकडा ३२ बिटांचा आहे आणि तो बदलत असताना वाचला तर काय होईल? ७ वरून ८ वर जाताना दुहेरी अंकांत ०१११ चे १००० होतात; चारही बिटं एकदम बदलतात. नेमक्या त्या क्षणी नक्कल केली तर काही बिटं जुनी, काही नवी, आणि हाती भलताच आकडा. म्हणून काउंटर बनवणाऱ्यांनी शहाणपणाची योजना केली. वाचण्याचा ठोका केव्हाही येवो, प्रत्यक्ष नक्कल मोजल्या जाणाऱ्या पल्सच्या तालावर होईल. ठोका आला की त्याची आठवण ठेवायची, पुढच्या पल्सची चढती कड आली की आकडा सुरक्षितपणे टिपायचा.

मोजायचा पल्स नियमित असेल तर यात काहीच वावगं नाही. पुढचा पल्स लगेच येणारच आहे. पण आपल्याकडे पल्स म्हणजे फोटॉन, आणि तो कुणाला बांधील नाही. समजा पहिल्या कप्प्याच्या शेवटी ठोका पडला. काउंटर म्हणाला, ठीक आहे, पुढचा फोटॉन आला की टिपतो. फोटॉन आला नाही. दुसऱ्या कप्प्याच्या शेवटी दुसरा ठोका पडला. काउंटर अजून पहिल्याच ठोक्याची बाकी घेऊन बसलेला. मग फोटॉन आला आणि एकच नोंद झाली. ठोके दोन, नोंद एक. रिकामा कप्पा शून्य म्हणून नोंदला जायला हवा होता. तो नोंदलाच गेला नाही, यादीतून गायब झाला. चित्राच्या त्या ओळीतले पुढचे सगळे पिक्सेल एक घर डावीकडे सरकले. उजळ भागात प्रत्येक कप्प्यात फोटॉन असतोच, म्हणून तिथे सगळं ठीक. जितका अंधार, तितकी फाटाफूट. आणि अगदी काळोखात प्रोग्रॅम हजार नोंदींची वाट बघत बसतो, त्या येत नाहीत, आणि वेळ संपल्याची सूचना येते. माणूस केबल तपासतो, डिटेक्टर तपासतो. दोष कशातच नसतो.

असे रिकामे कप्पे किती असतील? मंद प्रकाशात तेच बहुसंख्य असतात. सेकंदाला हजार फोटॉन आणि एका पिक्सेलवर ०.१ मिलिसेकंद, म्हणजे कप्प्यामागे सरासरी ०.१ फोटॉन. आपापल्या मर्जीने घडणाऱ्या घटनांच्या मोजणीसाठीचा पॉयसाँचा नियम सांगतो की अशा हजार कप्प्यांतले ९०५ रिकामे असणार.

रिकाम्या कप्प्यांची किंमत समजायला एक जुना प्रयोग बघावा. १९१० साली रदरफोर्ड आणि गायगर यांनी पोलोनियमच्या अल्फा कणांची मोजणी प्रसिद्ध केली. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आपटला की बारीक ठिणगी दिसायची आणि बघणारा माणूस विजेची कळ दाबून फिरत्या कागदी पट्टीवर तिची नोंद करायचा. म्हणजे डिटेक्टर पडदा, डिस्क्रिमिनेटर माणूस. मग त्यांनी साडेसात सेकंदांचे २६०८ कप्पे पाडले आणि कुठल्या कप्प्यात किती कण ते मोजलं. एकूण १०,०९७ कण, कप्प्यामागे सरासरी ३.८७. त्यांच्या तक्त्याची पहिलीच ओळ रिकाम्या कप्प्यांची आहे: ५७. नियमाप्रमाणे यायला हवे होते ५४. ही जुळणी दिसली ती ते ५७ कप्पे कुणी टाकून दिले नाहीत म्हणून. टाकले असते तर सरासरी ३.९६ झाली असती, एकही कण जास्त न येता.

(रदरफोर्डच्याच केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत १९३२ साली विन-विल्यम्सने कण मोजण्यासाठी ‘दोनाचा काउंटर’ बनवला. दोन पल्स आत गेले की एक बाहेर, आणि असे टप्पे एकापुढे एक. आपल्या कार्डातला ३२ बिटांचा काउंटर म्हणजे असेच ३२ टप्पे. इलेक्ट्रॉनिक मोजणीचा हा धागा कण मोजण्याच्या कामातूनच आला आहे, ही गोष्ट मला दरवेळी सुखावते.)

आता उपाय. कार्डाला सांगायचं की फोटॉनच्या तालावर नाचू नको, स्वतःच्या वेगवान घड्याळाच्या तालावर चाल. ८० मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाची दर १२.५ नॅनोसेकंदांनी एक टिक पडते. प्रत्येक टिकेला कार्ड दोन प्रश्न विचारतं: फोटॉनची नवी कड आली का? वाचण्याचा ठोका आला का? ठोका आला की टीप, मग मधल्या काळात फोटॉन आलेला असो वा नसो. रिकाम्या कप्प्यात आकडा आधीच्याइतकाच राहतो, वजाबाकी शून्य येते, आणि शून्य हेच तर बरोबर उत्तर आहे. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, या सोयीचं नाव ‘डुप्लिकेट काउंट प्रिव्हेन्शन’ असं आहे. नाव वाचून हे आपल्या कामाचं आहे असं कुणालाही वाटणार नाही, पण मंद प्रकाश मोजणाऱ्याने ती सोय चालू आहे का हे स्वतः तपासावं, गृहीत धरू नये. तिची अट एकच: मोजायचे पल्स घड्याळाच्या पाव वेगापेक्षा वेगवान नसावेत. ८० चा पाव २०. मघाचे २० मेगाहर्ट्‌झ ते हेच. आणि पल्सची रुंदी एवढी महत्त्वाची का, तेही आता कळतं. दोन टिकांच्या मध्येच उठून बसलेला पल्स कार्डाला दिसणार कसा?

काउंटर उलटा धरला तर

आतापर्यंत आपण काळाचे कप्पे पाडून फोटॉन मोजले. भूमिका बदलताही येतात: काउंटरला कार्डाच्या घड्याळाच्या टिका मोजू द्यायच्या आणि फोटॉनला ठोका बनवायचं. मग प्रत्येक फोटॉन आला की त्या क्षणाची वेळ टिपली जाते, एक्स मालिकेत १० नॅनोसेकंदांच्या बारकाईने. कप्पे नंतर हवे तसे पाडा. रेणूंच्या हालचालीचा माग काढणाऱ्यांना हे फार आवडतं.

पण फोटॉन रांगेत येत नाहीत. सेकंदाला एक लाख म्हणजे दोघांत सरासरी दहा मायक्रोसेकंदांचं अंतर. प्रत्यक्षात जवळजवळ दर दहांतलं एक अंतर एका मायक्रोसेकंदापेक्षा कमी असतं. नोंद उचलून संगणकाच्या स्मृतीत नेईपर्यंत दुसरा दारात उभा. एम मालिकेत काउंटरच्या दाराशी दोनच नोंदी थांबू शकतात, एक्स मालिकेत १२७. सरासरी दर झेपतो आणि झुंडीत कार्ड कोलमडतं. मग ‘वाचण्याआधीच डेटा पुसला गेला’ अशा अर्थाची ऋण २००१४१ ही त्रुटी येते. मंद प्रकाशाला हा मार्ग झकास आहे. उजळ प्रकाशाला कप्पेच बरे. आणि फ्लुरोसन्सचा आयुष्यकाळ (प्रकाश शोषल्यावर रेणू सरासरी किती वेळाने चमकतो तो) मोजायचा असेल, तर हे कार्ड बाजूला ठेवा. तो खेळ काही नॅनोसेकंदांत संपतो, आणि आपली मोजपट्टीच दहा नॅनोसेकंदांची आहे.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी

डिटेक्टर जोडण्याआधी कार्डाची परीक्षा कार्डाकडूनच घ्यावी. कार्डाच्या ‘फ्रिक्वेन्सी आउट’ पायावरून एक मेगाहर्ट्‌झची पल्समाळ काढून काउंटरला द्यायची आणि मिलिसेकंदाचे कप्पे घ्यायचे. प्रत्येक कप्प्यात १००० यायला हवेत. दोन्ही सिग्नल एकाच स्फटिकाच्या पोटातून निघालेले, त्यामुळे फारतर एखाद्याची चूक माफ. इथे ९९० आणि १०१० दिसू लागले तर फोटॉनकडे वळण्यात अर्थ नाही.

डिटेक्टर जोडल्यावर मंद आणि स्थिर एलईडी लावून हजारो कप्पे घ्या, आणि त्यांच्या व्हेरिअन्सला (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) सरासरीने भागा. यादृच्छिक फोटॉनसाठी उत्तर १ च्या जवळ येतं. ही एक भागाकाराची परीक्षा फार बोलकी आहे. केबलमुळे प्रत्येक फोटॉन दोनदा मोजला जात असेल तर सरासरी दुप्पट होते, पण व्हेरिअन्स चौपट, आणि भागाकार २ येतो. मघाचा माझा दीडपट उजेड इथे एका झटक्यात पकडला गेला असता. १ पेक्षा थोडं जास्त येत असेल तर डिटेक्टरचे पाठोपाठचे खोटे पल्स, नाहीतर खोलीतल्या दिव्याचा लपलेला थरथराट. दिवा विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने उघडझाप करतो, आणि झाकणाच्या फटीतून तो आत येतोच.

भागाकार १ पेक्षा कमी आला तर डेड टाइम. प्रत्येक फोटॉननंतर डिटेक्टर काही काळ आंधळा असतो. हा काळ ५० नॅनोसेकंद धरला आणि सेकंदाला दहा लाख मोजले, तर तो प्रत्येक सेकंदातले ५० मिलिसेकंद आंधळा होता; खरे फोटॉन १०.५३ लाख. एक लाख मोजले असते तर फरक फक्त पाचशेचा. म्हणून मोजलेल्या दराला ‘१ वजा दर गुणिले डेड टाइम’ याने भागायचं. दर फार वाढला तर हे सूत्रही लंगडं पडतं. तिथे सरळ फिल्टर लावून प्रकाश कमी करावा. सूत्रापेक्षा काळी काच जास्त प्रामाणिक.

शेवटची परीक्षा अंधाराची. डिटेक्टरवर झाकण घाला, काळं कापड टाका, आणि मिलिसेकंदाचे हजार कप्पे मागा. डिटेक्टर अंधारातही उष्णतेमुळे स्वतःहून पल्स देतो. समजा त्याचा हा दर सेकंदाला २५० आहे. मग हजारांपैकी साधारण ७८० कप्प्यांत शून्य दिसेल, १९५ मध्ये एक, २४ मध्ये दोन, आणि एखाद-दोन कप्प्यांत तीन. आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण कप्पे हजारच्या हजार हातात यायला हवेत. दोनशे-सव्वादोनशेच आले आणि त्यांत एकही शून्य नसेल, तर कोणती सोय चालू करायची राहिली आहे ते आता माहीत आहे.